साईनाथ डुंबरे यांचे टक्के

साईनाथ डुंबरे यांना सगळे सर म्हणत. त्यांनी आयुष्यात कुणालाही काहीही शिकवलेलं नव्हतं. आधी ते विमा विकत, मग सदनिका विकू लागले, आणि दोन्हीकडे लोकांनी ओळखल्यावर कर्वे रस्त्यावर दोन खोल्या घेऊन परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशाचे सल्लागार झाले. स्वतः परदेशात एकदाच गेले होते, पाच दिवस, बँकॉकला. त्या सहलीचा फोटो भिंतीवर होता. मागची ‘बँकॉक’ ही पाटी कापून फक्त विमानतळ ठेवलेला.

मी उत्कर्षा. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून त्यांच्याकडे दोन वर्षं नोकरी केली. हे सांगताना लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

सर मुलांना टक्के देत. कुठल्या विद्यापीठात प्रवेश मिळण्याची किती शक्यता, याचे. संगणकावर त्यासाठी एकोणीस रकान्यांचा तक्ता होता. गुण, परीक्षा, प्रकल्प, खेळ असे अठरा रकाने मी भरायचे. एकोणिसावा सर भरत. त्याचं नाव ‘एकूण मत’, आणि उत्तर तेवढ्यावरच ठरे. मोठ्या गाडीतून उतरलेल्या, आईबापांशी इंग्रजीत भांडणाऱ्या मुलाला सत्तरच्या पुढे. बाप पायताण दाराबाहेर काढून आत आला, की वीसच्या खाली. मी ते पाहायचे आणि छापून द्यायचे.

गेल्या वर्षी जूनमध्ये रज्जाकभाई आले. मंडईच्या मागे त्यांचं वजनकाटे दुरुस्तीचं दुकान आहे. बरोबर मुलगी अलिझा, बारावीला गणितात शंभरपैकी शंभर. सरांनी तिच्या कागदांवरून नजर फिरवली, रज्जाकभाईंच्या अंगठ्यावरच्या काळ्या तेलावर जरा जास्त वेळ ठेवली, आणि म्हणाले, “बारा टक्के. उगाच स्वप्नं दाखवणारा माणूस मी नाही.”

अलिझाने विचारलं, “बारा टक्के म्हणजे कशातले, सर? माझ्यासारख्या शंभर मुलांनी अर्ज केले आणि बारा जणांना मिळाला, असं?”

“तसंच समजा.”

“ती शंभर मुलं कुठली?”

सर हसले. “बेटा, हा अनुभवाचा भाग असतो.”

“मग तुम्ही आधी ज्यांना बारा टक्के सांगितले, त्यांचं पुढे काय झालं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी संगणकाकडे पाहिलं. तेव्हा रज्जाकभाई पहिल्यांदा बोलले. “आमच्या धंद्यात काटा ठरलेल्या मुदतीला तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो साहेब. नाहीतर दंड होतो. तुमचा कोण तपासतं?”

“मॅडम, यांना फीची पावती द्या,” सर म्हणाले. ते गेल्यावर मला म्हणाले, “हे लोक फार शंका घेतात.”

 रज्जाकभाईंचा तो प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडायला हवा होता. तेवढं तर मी शिकले होते. मग दुपारी सर जेवून डुलकी घेत, त्या वेळात मी जुन्या फायली काढून फोन करायला लागले. वीस टक्क्यांच्या खालची एकेचाळीस मुलं होती. चौतीस जणांशी बोलणं झालं. त्यातल्या एकोणतीस जणांनी अर्जच केला नव्हता. उरलेल्या पाच जणांनी केला, आणि पाचही जणांना प्रवेश मिळाला होता.

लोणी काळभोरच्या निकिताचा फोन तिच्या वडिलांनी, ज्ञानदेवांनी घेतला. “फारम भरलाच नाय बाई,” ते म्हणाले. “सरांनी आठ टक्के सांगितलं. पोरगी दोन दिस जेवली नाय. मग म्हणली, राहू दे आता. इथंच कालेजात हाय ती.”

निकिताची फाईल मी पुन्हा उघडली. अठरा रकाने भरभक्कम होते. त्याच वर्षी सरांनी पंचाहत्तर टक्के दिलेल्या मुलापेक्षा सगळेच्या सगळे सरस.

मी तो हिशोब एका कागदावर मांडून सरांसमोर ठेवला. त्यांनी तो नीट वाचला. मला वाटलं, निदान मान खाली जाईल. त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे माझा अंदाज बरोबरच की! चौतीसमधल्या एकोणतीस जणांना प्रवेश मिळाला नाही. हे जाहिरातीत टाका.”

माणूस खोटं बोलतो तेव्हा निदान खरं काय ते त्याला ठाऊक असतं. यांना तेवढंही नव्हतं. मी त्याच दिवशी नोकरी सोडली आणि संध्याकाळी मंडईमागे जाऊन अलिझाला म्हटलं, “अर्ज कर. निबंध मी वाचून देईन.”

“मी कधीच सुरू केलाय, ताई,” ती म्हणाली. निबंधातल्या दोन चुका काढण्यापलीकडे मला काही करावं लागलं नाही.

तिने पाच ठिकाणी अर्ज केले. चौघांनी नकार कळवला. पाचव्याने, कॅनडातल्या एका विद्यापीठाने, शिष्यवृत्तीसह बोलावलं. बातमी मोहल्ल्यातून कर्वे रस्त्यापर्यंत कशी पोचली ठाऊक नाही, पण आठवड्याच्या आत सरांच्या दारावर फ्लेक्स लागला. अलिझाचा हसरा फोटो, शेजारी हाताची घडी घातलेले सर, आणि खाली ‘आमचे मार्गदर्शन, तिचे यश’.

रज्जाकभाई सरांकडे गेले, तेव्हा मीही बरोबर होते. “तो फोटो उतरवा,” ते म्हणाले.

“अहो, मुलीची प्रसिद्धीच होतेय!”

“तिला तुमच्याशेजारची नकोय.”

“पण पावती आहे ना आमची? म्हणजे विद्यार्थिनी आमचीच.”

रज्जाकभाईंनी वाद घातला नाही. पायऱ्यांवर तीन कुटुंबं आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. त्यांना उद्देशून ते शांतपणे म्हणाले, “ही माझी मुलगी. यांनी तिला जमणार नाही म्हणून सांगितलं होतं.” एक कुटुंब उठून गेलं. दोन थांबली. त्यातल्या एका बाईंनी आम्हालाच सुनावलं, “सरांचा वेळ घेऊ नका, आमची साडेअकराची वेळ आहे.”

फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरला. त्या जागी कुठल्यातरी परदेशी, सोनेरी केसांच्या मुलीचा फोटो आला.

निकिताने यंदा अर्ज भरलाय. उत्तर अजून यायचंय. सरांनी वाघोलीत दुसरी शाखा काढली. उद्घाटनाचं निमंत्रण मलाही आलं होतं, नावापुढे ‘माजी संख्याशास्त्रज्ञ’ असं लिहून. गेले नाही.