शेजारची सीट

बरकतपुऱ्यातल्या गिरीश उस्तादाचं पोट त्या सबंध महिन्यात दुखत होतं, आणि ते काही खाण्यापिण्यानं नव्हतं. त्याच्या धाकट्या भावानं, विनयनं, गाडी घेतली होती. साधीसुधी नव्हे हो! लालभडक, परदेशी, दोन दारांची, दोनच सीटांची, रस्त्याला पोट टेकून बसलेली. मुंबईहून कुणाची तरी वापरलेली आणली होती, पण ते कोण विचारतो? सगळी गल्ली गोळा झाली होती तिला बघायला.

सत्त्याण्णव साल होतं. ज्या शहरात एका स्कूटरसाठी माणसं वर्षानुवर्षं नंबर लावून बसायची, तिथं आता रोज नवी गाडी दिसत होती, रोज नवा फलक लागत होता. दिलसुखनगरात एका फलकावर विनयचाच फोटो होता, टाय लावलेला. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास, तीन मजली. तिथं तो फळ्यावर स्प्रिंगची गणितं सोडवायचा. खरी स्प्रिंग हातात दिली असती तर कुठून धरायची हे त्याला कळलं नसतं. निदान गिरीश तरी बायकोला, प्रमिलाला, रोज रात्री जेवताना असंच सांगायचा.

गिरीश स्वतः दहावीत दोनदा आपटलेला. सतराव्या वर्षी हातात पाना धरला तो धरलाच. आता घराच्या मागच्या अंगणात त्याचं स्वतःचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि गाडीची बैठक, म्हणजे स्प्रिंगा, शॉकअप, टायर, करावी तर त्यानंच, असं सिकंदराबादेपर्यंत बोललं जायचं. त्याची एक रीत होती. काम झालं की गाडी चालवायची मालकानं. हा बाबा शेजारच्या सीटवर बसणार, डोळे मिटून. "चालवणाऱ्याला स्टिअरिंगचा आधार असतो," म्हणायचा. "गाडी कशी झालीय ते शेजारच्याला विचारा." शेजारी बसून बघितल्याशिवाय एकही गाडी त्यानं कधी अंगणाबाहेर सोडली नव्हती.

हे सगळं ज्यानं बघावं असं त्याला वाटायचं, तो माणूस मात्र बघत नव्हता. त्याचे वडील, केशवराव, घरातले अण्णा. मराठी शाळेत गणित शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. घराच्या मागच्या दारापासून गॅरेज वीस पावलांवर, आणि बावीस वर्षांत अण्णांनी ती वीस पावलं टाकली नव्हती.

दर दसऱ्याला अण्णा तारनाक्याला आपल्या बहिणीकडे, कुसुमताईंकडे, सोनं द्यायला जात. सिटी बसनं. दर दसऱ्याला गिरीश म्हणायचा, "अण्णा, गाडी उभीच आहे, सोडतो की." आणि दर दसऱ्याला तेच उत्तर. "ती गिऱ्हाइकाची आहे. लोकांच्या गाडीत मी बसत नाही." आणि निघायचे पिशवी घेऊन बस स्टॉपकडे. गिरीशची स्वतःची म्हणाल तर एक स्कूटर, आणि मणक्याची शस्त्रक्रिया होऊन कंबरेला पट्टा लागलेल्या अण्णांना स्कूटर कसली चालतेय!

तर असा तो विनय एका संध्याकाळी लाल गाडी घेऊन अंगणात आला.

"दादा, हिच्या स्प्रिंगा बसल्यात, टायर गुळगुळीत झालेत. मला यातलं ओ की ठो कळत नाही. तू ठरव, तू बसव. फक्त एवढं बघ, दसऱ्याला अण्णांना आत्याकडे न्यायचंय. त्यांच्या कंबरेला सोसेल असं कर."

"अण्णा बसणार?"

"हौ! विचारलं, तर लगेच हो म्हणाले."

लगेच! गिरीशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं आपण विचारतोय तर लोकांची गाडी, आणि याला लगेच हो? पण तोंडानं तो एवढंच म्हणाला, "ठेवून जा."

राणीगंजच्या दुकानात त्यानं दोन संच बघितले. एक मऊ. स्प्रिंगा जरा उंच, शॉकअप सावकाश दबणारे, टायरची कड चांगली जाड. खड्डा आला तर टायरनं अर्धा गिळावा, उरलेला स्प्रिंगेनं. दुसरा संच शर्यतीचा. आखूड, जाड तारेच्या स्प्रिंगा आणि रुंद, चपटे टायर, रिमला नुसती रबराची चकती लावल्यासारखे. गुळगुळीत रस्त्यावर गाडी वळणात जागची हलायची नाही. पण आपल्या रस्त्यांवर? एकेक खडा माकडहाडाला लागणार. शेंबडं पोरही सांगेल कुठला घ्यायचा.

"क्या उस्ताद, कायकू परेशान होरे?" दुकानदार म्हणाला. "दोनों लेके जाओ, देखके एक वापस करो."

गिरीशनं दोन्ही आणले आणि कडक बसवला.

बसवताना हात एकदाही अडखळला नाही, ह्याचीच त्याला मजा वाटली. बसा म्हणावं आता! बसा लगेच! अर्ध्या वाटेवरच्या अडिकमेटपर्यंत पोचता पोचता उतरावं लागेल, मग कळेल कुणाच्या गाडीत बसावं ते. गाडीला जॅकवरून उतरवून त्यानं हात पुसले आणि किल्ली खिळ्याला लावली.

प्रमिला मागच्या दारात उभी होती. "आज शेजारी बसून नाही बघितलं?"

"स्पोर्ट्सची गाडी आहे. अशीच असते," तो म्हणाला, आणि तिच्याकडे न बघता नळावर गेला.

दसऱ्याला सकाळी गॅरेजमध्ये हत्यारांची पूजा झाली. पाने, जॅक, हातोडे पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हा घरातला नियम अण्णांनीच घातलेला. दहा वाजता लाल गाडी हार घालून निघाली. अण्णा धोतर सावरत खाली वाकून त्या बुटक्या सीटवर बसले आणि गिरीश कठड्याला टेकून बघत राहिला. आता पोटात दुखायला नको होतं. पण दुखत होतं.

दुपारी अडीचला गाडी परत आली ती सरळ मागच्या अंगणात. विनय धावत दुसऱ्या बाजूला गेला. अण्णांना त्यानं जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, एक हात कंबरेवर आणि दुसरा गाडीच्या टपावर. गिरीशनं त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं, शस्त्रक्रियेनंतरही नाही.

"तीनदा म्हटलं, रिक्षा करू या," विनय रडवेला झाला होता. "ऐकतच नाहीत. दादा, जरा कडक झालीय का रे ही?"

"तू गप्प बस!" अण्णा कडाडले. "तुला काय कळतं त्यातलं? गिरीशनं बसवलंय म्हणजे विचार करूनच बसवलं असेल. असल्या गाडीला असंच लागत असेल." मग श्वास घेऊन ते हळू म्हणाले, "कुसुमला सांगितलं मी. म्हटलं, गाडी विनयची आहे, पण बैठक माझ्या गिरीशनं केलीय."

माझ्या गिरीशनं. गप्प बसावं, असं गिरीशला खरोखर वाटलं. कोण सांगणार होतं? बावीस वर्षं ज्या शब्दांसाठी जळला ते समोर पडले होते, नुसते उचलायचे. पण अण्णांना अजून सरळ उभं राहता येत नव्हतं.

"विचार करून नाही बसवलं अण्णा," तो म्हणाला. "म्हणजे केला विचार. मऊ संच पण होता. तो बघा, कोपऱ्यात आहे. तुम्हाला त्रास होणार हे मला माहीत होतं."

"माहीत असून?"

"हौ."

"का?"

"तुम्ही याच्या गाडीत बसणार होतात म्हणून. माझ्या कुठल्याच गाडीत कधी बसला नाहीत म्हणून. जळलो मी, अण्णा."

प्रमिला पाण्याचा तांब्या घेऊन मागच्या दारातून आली. अण्णांनी मोठ्या मुलाकडे वर्गात बघायचे तसं बघितलं.

"बेचाळीस वर्षं पेपर तपासले," ते म्हणाले. "उत्तर येत असून चुकीचं लिहिणारा एकही भेटला नव्हता. तो घरातच निघाला. गाढव!" मग त्यांनी भिंतीला हात लावत पावलं टाकायला सुरुवात केली, गॅरेजच्या दिशेनं. आत जाऊन चौफेर बघितलं. "स्टूल कुठंय?"

"अण्णा, तुम्ही आत जाऊन पडा ना..."

"स्टूल दे. आणि तो दुसरा संच बसव."

"आज हत्यार उचलायचं नसतं," प्रमिला हळूच म्हणाली.

"मी सांगतोय, उचल."

गिरीशनं पाटावरचा पाना उचलला. झेंडूची पाकळी चिकटलेली होती, ती पुसली. चार स्प्रिंगा, चार शॉकअप, चार टायर. विनय नवा झब्बा मळवत पंपानं हवा भरत होता. अण्णा पट्टा आवळून स्टुलावर ताठ बसले होते. मध्येच विचारायचे, ही तार एवढी बारीक का, ते तेल कशाला. गिरीश नट आवळता आवळता सांगायचा. एकदा उत्तर ऐकून ते "बरोबर" म्हणाले, आणि गिरीशला पुढचे दोन नट नीट दिसले नाहीत.

ऊन उतरता उतरता गाडी जॅकवरून खाली आली. विनयनं किल्लीला हात घातला.

"तू नाही," अण्णा म्हणाले. "तो चालवेल. मी शेजारी बसतो. असंच बघतोस ना रे तू?"

"आणि मी?" विनय म्हणाला.

"दोनच सीटा घेतल्यास ना? थांब इथं."

गाडी गल्लीतून निघाली. आरशात गिरीशला विनय दिसत होता. फाटकात उभा, हात काळे, गाडीकडे टक लावलेला. तो चेहरा गिरीशच्या चांगला ओळखीचा होता. बावीस वर्षं दाढी करताना तोच तर समोर असायचा. कोपऱ्यावरून परत फिरावं आणि किल्ली त्याच्या हातात द्यावी, असं त्यानं ठरवलं.

शेजारी अण्णा डोळे मिटून बसले होते.

"आपल्या गल्लीतल्या देवळापुढचा स्पीडब्रेकर आला की सांग," ते म्हणाले. "तिथंच मघाशी जीव गेला होता."

"गेला तो, अण्णा," गिरीश म्हणाला. "केव्हाच मागे गेला."