निरगुडीची पहिली पेशी

मावशीनं संधिवाताच्या गोळ्या बंद केल्या, तेही माझ्या भरवशावर! फोनवर हे कळलं आणि दुसऱ्याच दिवशी पुण्याहून निघाले. आमच्या प्रयोगशाळेत चिथावलेल्या पांढऱ्या पेशींना निरगुडीतला एक घटक दिला, की त्या सूज वाढवणारी रसायनं कमी सोडतात. हे मीच तिला हौसेनं सांगितलं होतं. आई आजारी असताना जिनं मला सांभाळलं, तिच्या सांध्यांचा प्रश्न होता.

जालन्याहून भोकरदनची एसटी सहज मिळते, बायकांना अर्धं तिकीट. पुढं पिंपळगाव रेणुकाईला काळीपिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या. मिरचीचा हंगाम असेल तर रुमालही हाताशी ठेवा. मी बाजाराजवळ उतरले ती शिंकतच मावशीच्या दारात पोचले.

तिची बोटं टम्म सुजली होती. तरी काकांकडून येसराची आमटी करून घेतली होतीच.

"निरगुडीचा काढा घिऊन राह्यले ना," मावशी म्हणाली. "तूच म्हनली, गुण येतो."

"अगं, पेशींवर आला!"

काका जेवता जेवता थांबले. बांधाच्या भांडणापायी त्यांच्या कोर्टाच्या खेपा अजून चालू आहेत, आणि इकडं कोर्टाच्या तारखेला पेशीच म्हणतात. "पेशी? निरगुडी कोर्टात गेल्ती का?"

हसून हसून मला ठसका लागला. मग वाटलं, असंच सांगावं. "पहिलीच पेशी झाली समजा, काका. तीही काचेच्या ताटलीत. माणसांवरची अजून बाकी आहे."

"मंग निकाल कुठं लागलाय?" काका मावशीकडे वळले. "आपल्या बांधाच्या किती पेश्या झाल्या, अन् तू पहिल्याच पेशीला पेढे वाटून बसली!"

"मंग निकाल लागोस्तर गोळ्या घ्यायच्या म्हन," मावशी म्हणाली.

सकाळी रेणुकामातेचं दर्शन घेऊन तिला भोकरदनला डॉक्टरांकडे नेलं. ते बिलकुल रागावले नाहीत. तपासण्या करून गोळ्या पुन्हा सुरू केल्या, काढा थांबवला, पाल्याचा शेक घ्यायला हरकत नाही म्हणाले. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडेच.

पुण्यात परतून महिना उलटून गेला. मावशीनं दिलेलं तिखट अजून पुरतंय. पेशी शांत झालेल्या दिसल्या की अजूनही आनंद होतो, पण कुणाला सांगताना 'ताटलीत' हा शब्द आधी येतो. ही काकांची कृपा.

काल मावशीचा फोन आला. "बोटं मिटायला लागली बरं का. आज माझी वेणी मीच घातली."

मी नाक ओढलं.

"रडून राह्यली का काय?"

"न्हाई," म्हणाले. साफ खोटं.