मागच्या ब्रेकची हवा

परवा गॅरेजात मेकॅनिकनं ब्रेक ऑइलची बाटली उघडली आणि त्या उग्र वासानं मला कुरुंद्याच्या आमच्या जुन्या अंगणात नेऊन बसवलं.

तेव्हा आमच्यात चार दिवसांचा अबोला होता. कशावरून, ते आता आठवत नाही. मी साखऱ्याला माहेरी निघाले होते, बसनं. "ब्रेक नीट करतो, मीच सोडतो," एवढंच बोलून हे जुन्या गाडीच्या मागच्या चाकाशी आडवे झाले. मला घालवायची केवढी घाई, असं वाटून गेलं. पण ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात. एकानं ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकामागचा नट ढिला करायचा. मी मुकाट्यानं स्टिअरिंगमागं बसले.

"दाब. धरून ठेव. आता सोड."

सीट तापली होती, शेजारी वाळणाऱ्या हळदीचा वास येत होता.

"ब्रेक कसा लागून राहिला?" ह्यांनी विचारलं. बोलावंच लागलं.

"नरमच हाय अजून."

"मग दाब."

तासभर असंच चाललं. खरं तर ब्रेक कधीच कडक झाला होता. ह्यांना कसं फसवलं, म्हणून इतकी वर्षं मी मनात हसत आले.

परवा मेकॅनिकनं मला नटाला लावलेली पारदर्शक नळी दाखवली. "हवेचे बुडबुडे थांबले बघा काकू, झालं काम."

तशीच नळी त्या दिवशी ह्यांच्या डोळ्यांसमोरच होती.