गार्डला बांधलेला दोरा

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोलाही ठाऊक नाही — आणि माझ्या शर्टाच्या खिशात किती सुपारी उरली आहे हेसुद्धा तिला ठाऊक असतं. आज दसरा आहे. आमची शेड बंद आहे, मी शिरगावला घरी ओट्यावर बसलो आहे, आणि आज सकाळी जे करून आलो त्यानंतर ही गोष्ट पोटात ठेवणं जमेनासं झालं आहे. तेव्हा ऐका. मध्येच मी भरकटलो, तर समजा की टाळतो आहे.

आधी करवतीबद्दल सांगतो. हेही टाळणंच आहे, पण त्याशिवाय तुम्हाला पुढचं कळणार नाही. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका लाकडाच्या शेडमध्ये मिस्त्री आहे. आम्ही दारं, चौकटी, कपाटं करतो. शेडच्या मधोमध मोठी गोल करवत आहे — लोखंडी टेबल आणि त्याच्या फटीतून अर्धी वर आलेली चकती. बटण दाबलं की आधी गुरगुरते, मग आवाज चढत जातो, आणि पूर्ण वेगात आली की दात दिसेनासे होतात. नुसती चमकती गोल कड उरते, इतकी स्थिर की वाटतं, बोट टेकवून बघावं. सागाची फळी तिच्यातून जाते आणि झाडाच्या पोटातला सोनेरी रंग पहिल्यांदा उजेडात येतो. इतकी वर्षं झाली, अजून मी तो पाहून क्षणभर थांबतो. भीती आणि भक्ती एकाच जागी राहतात का हो? माझ्या बाबतीत तरी राहतात. सकाळी बटण दाबण्याआधी मी टेबलाला हात लावून कपाळाला लावतो, आणि त्यात नाटक नसतं.

नाटक मी एकदाच केलं. तेच सांगायचं आहे.

त्या चकतीवर गार्ड असतो — पारदर्शक प्लास्टिकची टोपी, हात आत जाऊ नये म्हणून. आमच्या शेठनी तो मुद्दाम बसवून घेतला होता. मला तो आवडायचा नाही. भुशाने धुरकट व्हायचा, बारीक पट्ट्या कापताना अडायचा. पण ही झाली सांगायची कारणं. खरं कारण सांगू? अख्ख्या शेडमध्ये माझा हात सगळ्यांत झपाट्याचा, असं लोक म्हणायचे. आणि गार्ड खाली असला की माझा हात इतरांसारखाच हळू चालायचा. म्हणून मी तो वर उचलून तारेने बांधून ठेवायचो. शेठ फेरी मारायला आले की पक्कड मागवून तार तोडायचे. एकदा चारचौघांत म्हणाले, तुला तुझ्या हाताची पर्वा नसेल, पण तुझं बघून दुसरे करतात, त्यांची तरी ठेव. ते बरोबर बोलत होते, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

मग दसरा आला. काही वर्षांपूर्वीचा. आमच्याकडे त्या दिवशी मशीन चालत नाही. रंधे, पटाशा, हातकरवती सगळं धुऊनपुसून मांडतात, मोठ्या मशीनना झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि पूजेचा लाल दोरा. दोरा गुंडाळायचं काम माझ्याकडे होतं. गुंडाळता गुंडाळता माझं लक्ष गार्डकडे गेलं — आणि मला सुचलं. मी गार्ड वर उचलला आणि वरच्या दांड्याला लाल दोऱ्याने बांधून टाकला. चांगले सात-आठ फेर घेतले, गाठीवर कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल खोचलं. कुणाला काय दिसणार? पूजा.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. गार्डकडे पाहिलं. मी बाजूलाच उभा. त्यांनी दोऱ्याला नमस्कार केला आणि पुढे गेले.

काय वाटलं मला तेव्हा? हसू आलं. जेवणाच्या सुट्टीत मागे जाऊन एकटाच हसलो. पण दिवस गेले तसं हसू कमी झालं आणि वेगळंच काहीतरी वाटायला लागलं. जो तो करवतीवर येताना आधी दोऱ्याला हात लावायचा. झाडलोट करणारी बाई खालून झाडू फिरवायची, पण दोऱ्याला धक्का लागू द्यायची नाही. सरावलीला खोली घेऊन राहणारा एक उत्तरेकडचा पोरगा नव्या माणसाला बजावताना मी ऐकला, "भगवान का धागा है, हाथ मत लगाना." माझ्या या दोन हातांनी, लबाडीने मारलेली गाठ — आणि तिच्यासमोर माणसं मान झुकवत होती. मी थक्क व्हायचो. खरंच सांगतो, कधीकधी माझीही मान झुकायची.

एकाच माणसाने विचारलं. मोरूभाऊंनी.

मोरूभाऊ नवापूरचे, कोळ्याघरचे. समुद्र सोडून लाकडात आले होते, माझ्याहून वयाने मोठे. त्यांच्या बोटांत जाळं विणणाऱ्याचा सफाईदारपणा होता. पॉलिश करताना त्यांचा हात लाकडावरून फिरायचा तेव्हा मी माझं काम थांबवून बघत राहायचो. करवतीवर मात्र ते बिचकायचे, आणि बिचकण्यात लाज मानायचे नाहीत. एके दिवशी बारीक पट्ट्या कापायच्या होत्या. माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मिस्त्री, दोरा सोडून गार्ड खाली घेऊ काय? मला जरा भ्या वाटतं."

तिथे मी हो म्हणालो असतो, तर? एवढं एक अक्षर होतं.

मी म्हणालो, "पूजेचा दोरा हाताने सोडत नाहीत, मोरूभाऊ. त्याचा तो सुटेल तेव्हा सुटेल."

असा नियम कुठे आहे? कुठेच नाही. मी तिथल्या तिथे बनवला. मोरूभाऊंनी कानाला हात लावला, जणू चूक त्यांचीच, आणि म्हणाले, "मला ठाव नव्हतं." आणि करवतीकडे गेले.

त्यांनी सगळं नीट केलं होतं हो. उजव्या हातात फळी ढकलायची काठी होती, डावा हात फळी बाजूच्या लोखंडी पट्टीला दाबून धरायला. पण फळीच्या आत एक गाठ होती, वरून न दिसणारी. करवत तिच्यात अडकली, फळी उलटी उसळून मागे उडाली, आणि जिच्यावर जोर दिला होता ती फळीच खालून गेल्यामुळे डावा हात पुढे घसरला. गार्ड खाली असता तर हात प्लास्टिकवर आपटला असता. खरचटलं असतं फार तर.

अंगठ्याजवळची दोन बोटं गेली.

शेठनी मला विचारलं, गार्ड वर कसा? मी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो, "पूजेचा दोरा होता, शेठ. तुम्हीही नमस्कार केला होतात." ते खाली बसले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी दोष त्यांच्याच खांद्यावर राहू दिला. दोऱ्याचं खोटं जास्त वाईट की हे? मला ठरवता येत नाही.

मी मोरूभाऊंना बघायला नवापूरला गेलो. वाटेत सगळं बोलायचं ठरवलं होतं. ते पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून म्हणाले, "दोऱ्यानं राखलं, मिस्त्री. हात मनगटापासून जायचा, तो दोन बोटांवर भागला." त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. जे होतं ते मी आधी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं — एवढ्या जवळून काहीतरी मोठं जाऊन आपल्याला सोडून दिल्याचं आश्चर्य. मी चहा प्यालो आणि परत आलो.

आता पुढचं ऐका, म्हणजे मी आज का बोलतोय ते कळेल. मोरूभाऊ जिथे बसतील तिथे ही हकिकत सांगतात. ती चहाच्या टपरीवरून शेजारच्या शेडमध्ये गेली, तिथून पलीकडच्या. आता दसऱ्याला वसाहतीतल्या कितीतरी लाकडाच्या शेडमध्ये करवतीचा गार्ड वर उचलून लाल दोऱ्याने बांधतात. रीतच पडली आहे. आमच्या शेठनीही मान तुकवली. मोरूभाऊंना मानाने बोलावतात, त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून. मी हे बघतो आणि माझ्या अंगावर काटा येतो. एका माणसाच्या खोडसाळपणातून एवढं उभं राहू शकतं? दोऱ्यात काही नव्हतं, हे जगात फक्त मला ठाऊक आहे, आणि त्याच्यासमोर सगळ्यांत जास्त मीच दबून जातो.

आज सकाळी आमच्या शेडमध्ये मोरूभाऊ आले. सोबत त्यांचा पुतण्या होता — नुकतंच लग्न झालंय त्याचं, आणि आता आमची करवत तोच चालवणार आहे. मोरूभाऊंनीच शब्द टाकून लावला कामाला. त्यांनी गार्ड वर उचलला, दोऱ्याचे फेर घेतले, आणि थांबले. दोरा माझ्यापुढे धरून म्हणाले, "गाठ तूच मार, मिस्त्री. माझ्या या हातानं घट्ट बसत नाय."

पुतण्या हात जोडून उभा होता. शेठ उभे होते. सगळी शेड उभी होती.

मी गाठ मारली. घट्ट मारली.

उद्या सकाळी तो पोरगा दोऱ्याला हात लावेल, कपाळाला लावेल आणि करवत चालू करेल.