आक्कासोबत बोलोन्या चढताना

मी इटलीला जाऊन आल्यापासून हिंगोलीत ओळखीचं कुणी परदेशी निघालं की मला फोन करतं. काय न्यावं, कसं फिरावं? मी सांगते, जुन्या शहरात पायीच फिरावं लागतं, पायाला सवयीचे बूट न्या, दुपारी चर्चची दारं बंद असतात, म्हणून वेळ आधी विचारून घ्या. हे सगळं मला आक्कामुळं कळलं, हे मात्र सांगत नाही.

आक्का माझी थोरली बहीण. डोंगरकडा गावात असते, सत्तरीला आली तरी रोज शेतात चालत जाते. माझी मुलगी इटलीत बोलोन्याला शिकायला होती, तिनं आम्हा दोघींना बोलावलं. "मावशीला चालायची सवय आहे, तूच दमशील," असं ती मला फोनवर म्हणाली होती. तेव्हा मला राग आला होता.

त्या शहरात जिकडं जावं तिकडं रस्त्याच्या कडेला कमानी, वर छत. ऊन लागत नाही, पाऊस लागत नाही, नुसतं चालत राहायचं. पण आक्काबरोबर चालणं म्हणजे शिक्षा. ती प्रत्येक दुकानाशी थांबायची. छताला टांगलेल्या डुकराच्या तंगड्या बघून मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, हे काय टांगून राहिले!" भाजीवाल्या बाईला ती मराठीत भाव विचारायची. बाई तिच्या भाषेत उत्तर द्यायची, आणि दोघी माना हलवायच्या. मी नकाशा धरून पुढं उभी.

चौथ्या दिवशी मुलीला वर्ग होता. गावाबाहेरच्या टेकडीवर एक चर्च आहे आणि तिथवर कमानींखालून चालत जाता येतं, म्हणून आम्ही दोघी निघालो. चढ सुरू झाला तशी आक्कानं बूट काढून माझ्या हातात दिले.

"काहून काढलेस?"

"देवाची वाट हाय ना? मंग?"

"आक्का, हा आपला देव नाही."

"देवाला कोन इचारतंय, तुजा का माजा?" म्हणून ती अनवाणी पुढं निघाली.

एका हातात तिचे बूट, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, खांद्यावर पिशवी. अर्ध्या वाटेवर माझा गुडघा बोलायला लागला. मी एका पायरीवर बसले नि म्हणाले, "थांब जरा." तिनं ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, देव जाणे. वळणावर तिचं हिरवं लुगडं दिसेनासं झालं. तिच्याकडं फोन नाही, भाषा नाही, घराचा पत्ता माझ्या पिशवीत. मी उठले आणि लंगडत, तिला शिव्या देत चढले. येणारी-जाणारी माणसं माझ्या हातातल्या बुटांकडं बघत होती.

वर पोचले तर चर्चचं दार बंद. जेवणाची वेळ. आक्का बाहेरच्या पायरीवर एका म्हाताऱ्या इटालियन बाईशेजारी बसून संत्रं खात होती.

"बस," ती म्हणाली. "आपल्याकडं बी दुपारी नैवेद्य दावून पडदा वढतेत. उघडंल."

"किती वेळानं?"

"मला काय म्हाईत? हिला इचार."

दोन तास बसलो. मी गुडघा दाबत होते, त्या दोघी मात्र गप्पा मारत होत्या, आपापल्या भाषेत. दार उघडलं तशी आक्का आत गेली, हात जोडले, पाच मिनिटांत बाहेर आली. "झालं दर्शन. चल."

तेवढ्यात शेजारी एक छोटी, खेळण्यातल्या आगगाडीसारखी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून माणसं आरामात उतरली. थेट शहरातून आली होती. मी आक्काला ओढूनच तिच्यात बसवलं.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "पण मी मावशीला काल सांगितलं होतं की वर गाडी जाते म्हणून. तू तेव्हा झोपली होतीस."

मी आक्काकडं बघितलं. ती पाय चोळत होती.

"मग बोलली का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस का चालत?"

मी ताटं मांडायला उठले. तिचं ताट जरा आपटूनच ठेवलं. तिला त्याचं काही वाटलं नाही, ती मुलीला त्या म्हातारीच्या नातवंडांबद्दल सांगत होती. तीन आहेत म्हणे, आणि धाकटा फार हट्टी. हे तिला कसं कळलं, ते विचारायचंही त्राण माझ्यात नव्हतं.