तिसऱ्या मजल्यावरची फुली

खडूताई जिना चढण्याआधी पाणी पीत, वर पोचल्यावर कधीच नाही. बेल एकदाच वाजवत. पेन अंबाड्यात खोचून तेच पेन घरभर शोधत. कुणी बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला टेकत, जणू लगेच कुणी ऊठ म्हणणार आहे. ‘शेवटचा प्रश्न’ असं सांगून पुढे आणखी तीन विचारत.

मुलांना लस टोचून झाली की त्या घराच्या दारावर खडूनं बरोबरची खूण करत. राहिली असेल तिथं फुली. त्यावरून हे नाव पडलं. आरोग्य केंद्रात मी त्यांच्या नोंदी संगणकात भरतो. त्या माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या, तरी आमची मैत्रीच होती. मला ‘कवी’ म्हणत. मी एकही कविता लिहिलेली नाही, हे सांगून सांगून थकलो.

घरात मूल आहे की नाही, हे त्या दोरीवरच्या कपड्यांवरून ओळखत. माणसं थापा मारतात, झबली मारत नाहीत, असं म्हणत. एकदा बाहुलीच्या झबल्यावरून एका निवृत्त मास्तरांशी पाऊण तास भांडल्या. मास्तरांनी नातीची बाहुलीच आणून दाखवली, तेव्हा हिचंही नाव लिहून घेऊ का, म्हणाल्या.

या वर्षी देशोदेशी पसरलेली गोवराची साथ आमच्या वस्तीतही आली. वरून आदेश आला, शुक्रवारपर्यंत एकही फुली दिसता कामा नये. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरानं मूल नाही म्हणून सांगितलं. केंद्राच्या साहेबांनी तिथं बरोबरची खूण करून टाकली. ताईंना मात्र गॅलरीत अंगठ्याएवढे मोजे वाळताना दिसले. त्यांनी ओल्या हातानं खूण पुसली आणि फुली मारली. साहेबांनी बोलणं टाकलं.

मंगळवारी मी त्यांच्यासोबत तिथं गेलो. दार चार बोटं उघडलं. आत एक तरुण बाई होती.

“मागच्या साथीत नावं लिहून नेलीत,” ती म्हणाली. “महिन्याभरात घर रिकामं करायची नोटीस आली.”

“ती यादी मीच केली होती,” ताई म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं. बाईनं दार दोन बोटांवर आणलं.

“पुढे ती कुणाला द्यायची, ते मला विचारलं नाही कुणी. बाळ किती महिन्यांचं आहे?”

आत बाळ खोकलं.

“दहा,” बाई म्हणाली. “नाव दुसरीकडे जाणार नाही, असं लिहिलेला साहेबांच्या सहीचा कागद आणा. मग टोचा.”

दार लागलं. खाली आल्यावर ताई पायरीवर बसून राहिल्या. कागद मी लिहिते, भाषा तू बघ, म्हणाल्या. साहित्याची पदवी घेतलीस ती काय भिंतीवर लावायला? संध्याकाळी जाताना कागद माझ्या टेबलावर ठेवला. मी म्हटलं, गुरुवारी बघतो.

बुधवारी सकाळी त्यांच्या भावाचा फोन आला. झोपेतच गेल्या.

आज गुरुवार आहे. कागद समोर आहे. वर साहेबांचं पद, खाली विषय, मग पाच ओळी, त्यातल्या दोन खोडलेल्या. शेवटच्या ओळीत त्या अडल्या आहेत:

‘सदर बालकाचे नाव लसीकरणाव्यतिरिक्त अन्य कोणत्याही कामासाठी, कोणत्याही खात्याला’