तोंड सोडून काढा

लुगडं सोडताना हौसाबाईंचा हात कधी अडखळला नाही. पण कुणी मोबाईल वर केला, की त्याच हाताने त्या तोंडावर पदर ओढून घेत. सांगलीतल्या आमच्या चित्रकलेच्या वर्गात त्या सोळा वर्षं नग्न मॉडेल म्हणून बसल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "सर, समदं काढा, पर तोंड सोडून. माजा पोरगा फौजंत हाय. त्याला म्या सांगितलंय, कॉलेजात झाडलोट करती." कवठे महांकाळकडच्या त्यांच्या गावातही सगळ्यांची तीच समजूत होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची युरोपातली चित्रं मी मुलांना दाखवायचो. अंगाभोवती चादर गुंडाळून, बशीतून चहा पीत हौसाबाईही बघायच्या.

"ही उघडी बाई कोन ओ?"

"ती म्हणजे सत्य."

"आन ही?"

"वसंत ऋतू."

"तिकडची, केस सोडलेली?"

"रात्र."

बाईंनी बशी खाली ठेवली. "आवं, मग बाईला बाई म्हनून कुनीच काढली न्हाई व्हय?"

पोरं हसली. मीही हसलो. शिकवण्याच्या तोऱ्यात मी पुढचं चित्र दाखवलं.

गेल्या उन्हाळ्यात चार दिवसांच्या तापाने त्या गेल्या. दहाव्याच्या आधी त्यांचा मुलगा माझ्या घरी आला. "सर, आईचा एक बी धड फोटो न्हाई. आधार कार्डावर हाय, पर त्यात ती वळखू येत न्हाई. तुमी चितर काढता म्हनं. एक काढून द्या की."

मी कागद घेऊन बसलो. खांदा, मान, गळ्याचं हाड झरझर उतरलं. चेहरा मात्र येईना. काढायचा नव्हता, म्हणून मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. सोळा वर्षं समोर बसलेल्या बाईचे डोळे कसे होते, ते मला सांगता येईना! फार लाज वाटली. शेवटी आठवत होतं तेवढंच काढलं: लुगडं नेसलेल्या हौसाबाई, आणि तोंडावर पदर ओढणारा तो हात.

मुलाने वाकून चित्र पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाला, "व्हय, हीच माजी आई. सुट्टीत फोटो काढाया गेलो की आसंच करायची." चित्रातल्या हातावर बोट ठेवून त्याने विचारलं, "पर का करायची ओ, सर?"

"लाजाळू होत्या," मी म्हणालो, आणि चित्र गुंडाळून त्याच्या हातात दिलं.